फॉल्सम लेकला निघताय? आधी पातळी बघा

पाणी, टोप्या, सनस्क्रीन, चटई तुम्ही घेणारच. त्यावर शब्द खर्च करत नाही. आदल्या रात्री कॅलिफोर्नियातल्या या फॉल्सम तलावाची, म्हणजे धरणाच्या जलाशयाची, पातळी बघा. हवामान नाही म्हणत मी, पातळी म्हणतेय. सॅक्रामेंटोकडच्या उन्हाळ्यात हवामान काय बघायचं? कडक ऊन, बस्स.

हा आकडा समुद्रसपाटीपासूनच्या फुटांत असतो, तलाव काठोकाठ भरला की 466. त्यामुळे 400 वाचून ‘बक्कळ पाणी आहे की’ म्हणत गाडी काढू नका. तेव्हा पाणी पार लांब गेलेलं असतं. आधी वाळू, मग गोटे, मग चपला ओढून घेणारा चिखल, आणि हे सगळं कूलर दोघांनी दोन बाजूंनी धरून. बोटी उतरवायचे बरेच रॅम्प कोरडे पडतात. पाणी फार उतरलं की सगळ्या तलावात ताशी 5 मैलांची वेगमर्यादा लागते. सिएरा नेवाडातला बर्फ वितळून तलाव साधारण मे-जूनपर्यंत भरतो आणि पुढे उतरत जातो. पोहायचं असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला या आणि तरीही पातळी बघा.

भारतातून आलेल्या आईबाबांना ‘गोल्ड रश’चा, म्हणजे सोन्यासाठी लोटलेल्या गर्दीचा, इतिहास दाखवायचा असेल तर गणित उलटं, पाणी खाली हवं. जानेवारी 1848 मध्ये अमेरिकन नदीच्या वरच्या अंगाला कोलोमाला सोनं सापडलं आणि थोड्याच आठवड्यांत इथल्या मॉर्मन आयलंडलाही. बघता बघता गाव उभं राहिलं, हॉटेलं आली, दुकानं आली. 1856 च्या आगीत बहुतेक सगळं गेलं, आणि उरलंसुरलं 1950 च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली. कबरी तेवढ्या आधी हलवल्या होत्या. 2014 च्या दुष्काळात पाया आणि दगडी भिंतींचे अवशेष उघडे पडले तेव्हा बघायला ही गर्दी! तिथे गंजका खिळा दिसो की बाटलीची काच, उचलायचं नाही. गुन्हा आहे तो. मेटल डिटेक्टर घरीच ठेवा.

तलाव भरलेला असेल तर यातलं काहीही दिसणार नाही, हे आईबाबांना घरीच सांगा, काठावर उभं करून नको. (म्हणजे पुन्हा तेच: पातळी.) त्या दिवशी त्यांना फॉल्सम गावातलं जुनं वीजघर दाखवा. 1895 मध्ये इथून 22 मैलांवरच्या सॅक्रामेंटोला वीज गेली होती. उघडं कधी असतं ते आधी बघून ठेवा.

लाइफ जॅकेट मुलांच्या अंगावर हवं, डिकीत नको. बोटीवर 13 वर्षांखालच्यांना कायद्यानेच सक्तीचं आहे. बाहेर कितीही तापलेलं असो, जूनमधलं पाणी बर्फाचंच असतं, धाडकन उडी मारू नका. स्वतःची मोटारबोट आणणाऱ्यांनी बोटींना चिकटून पसरणाऱ्या उपद्रवी गोल्डन मसल शिंपल्यांमुळे आलेले तपासणीचे नियम वाचावेत.

बाकी भराभर. सुट्टीच्या दिवशी ग्रॅनाइट बे आणि बील्स पॉइंट या तलावाच्या काठांवरचं पार्किंग भरतं, सकाळीच पोचा. दडपे पोहे नकोत, तिखटमिठाच्या पुऱ्या चालतील. झुडपांत तीन-तीन पानांचा, अंगाला खाज आणणारा पॉयझन ओक असतो, हात लावू नका. साप असतात. कचरा परत आणा. गेट बंद व्हायची वेळ पाटीवर असते, आत शिरतानाच वाचा.