शब्दशिडी आणि संख्यामालिका सोडवताना या चुका टाळा

शब्दशिडी म्हणजे दर पायरीला एकच अक्षर बदलत, प्रत्येक वेळी खरा शब्द बनवत, एका शब्दापासून दुसऱ्यापर्यंत पोचायचा खेळ. त्यात अडकणाऱ्यांना शब्द आठवत नसतात असं नाही. खेळाचा नियम पक्का न करताच ते पेन उचलतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

मराठीत तर हे फारच होतं. 'गाल'पासून 'चूल'पर्यंत पायऱ्या किती? काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बदलायचं असेल तर एकच. व्यंजन आणि स्वरचिन्ह वेगळं मोजलं तर दोन: गाल, चाल, चूल. दोन्ही पद्धती चालतात, फक्त एकाच शिडीत दोन्ही नकोत. विशेषनामांचंही आधीच ठरवा. 'सफर' ते 'नगर' जायचंय? मधे सगर राजाला उभं केलं की दोन पायऱ्यांत काम फत्ते. विशेषनाम चालणार नसेल तर राजेसाहेब बाद.

आता खरी चूक. 'र' जुळलेलाच आहे, मग 'स'चा 'न' आणि 'फ'चा 'ग' केला की झालं, असं वाटतं आणि माणूस तिथेच डोकं आपटत बसतो. 'नफर' हा जुना शब्द ठाऊक असेल तर सुटाल, नाहीतर वळसा घ्या: सफर, समर, अमर, अगर, नगर. 'म' आणि 'अ' दोन्ही टोकांच्या शब्दांत नाहीत, तरी वाट त्यांच्यातूनच गेली.

वरून सुचेना तर खालून चढा. आणि ज्याला शेजारी, म्हणजे एकच अक्षर बदलून मिळणारा दुसरा शब्द, नाही असा शब्द टोकाला घेऊ नका. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी इंग्रजीतले पाच अक्षरी 5757 शब्द तपासले, त्यातल्या 671 शब्दांना एकही शेजारी नव्हता! 'ॲलिस इन वंडरलँड'च्या लुईस कॅरलनं 1877 मध्ये हा खेळ काढला, तेव्हापासून किती जणांनी असल्या शब्दांवर संध्याकाळी घालवल्या असतील कोण जाणे.

संख्यामालिकेत पुढचा आकडा ओळखायचा असतो आणि तिथे घाई नडते. 1, 2, 4, 8, 16 दिसलं की हात आपोआप 32 लिहितो. पण वर्तुळावर बिंदू घेऊन सगळे एकमेकांना जोडा, आतल्या तीन रेषा एका बिंदूत मिळू देऊ नका आणि तुकडे मोजा: 1, 2, 4, 8, 16 आणि सहाव्या बिंदूला 31. गंमत म्हणजे लगतच्या आकड्यांमधले फरक काढत जायची पद्धतही इथे 31 देते. फरक 1, 2, 4, 8. त्यांचे फरक 1, 2, 4. मग 1, 2. मग एकटा 1. हा 1 पुन्हा येईल असं धरून वर चढत या: 3, 7, 15, 31. फसगत नेमकी इथेच होते. फरक काढत गेलं की शेवटी एक आकडा उरतोच, तो कायम राहील याला पुरावा काहीच नसतो. पद्धत वाईट नाही, पण तोच फरक पुन्हा पुन्हा दिसायला हवा: 2, 6, 12, 20, 30 मध्ये 4, 6, 8, 10 नंतर दुसरे फरक तीनदा 2 येतात, तेव्हा 42 बेधडक लिहावं.

फरक वेडेवाकडे आले तर एक सोडून एक आकडा वाचा. 5, 40, 10, 20, 15, 10, 20, 5 मध्ये दोन मालिका गुंफल्यात: एक पाचानं वाढते, दुसरी निम्मी होते. पुढचा 25.

आणि प्रत्येक वेळी गणितच असतं असंही नाही. 1, 11, 21, 1211, 111221 ही मालिका बेरीज-गुणाकारानं सुटत नाही. मागचा आकडा मोठ्यानं वाचा: 1 म्हणजे एकदा 'एक', म्हणून 11, आणि 11 म्हणजे दोनदा 'एक', म्हणून 21. पुढचा आकडा 312211.