लपलेली पाणीगळती कशी शोधावी: सोलापूरच्या घरांसाठी

उजनी धरणातून शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापून सोलापुरात येणारे पाणी नळाला रोज येत नाही. ते हौदात साठवायचे, मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचे आणि पुढची पाळी येईपर्यंत पुरवायचे, ही येथील असंख्य घरांची रीत आहे. त्यामुळे सर्व नळ बंद करून मीटरचा काटा पाहण्याची सर्वत्र सांगितली जाणारी पद्धत येथे अपुरी पडते. मीटर असलाच तर तो फक्त हौदापर्यंतचा हिशेब दाखवतो. पाणी मुरते ते बहुधा त्याच्या पुढे. म्हणून साठ्यापासून सुरुवात करून घरातील एकेक भाग वेगळा काढून तपासावा.

पहिली तपासणी हौदाची. रात्री सर्वांचा वापर संपल्यावर मोटर आणि येणाऱ्या लाइनचा कॉक बंद करावा, एका सरळ काठीला कोरडा खडू घासावा आणि ती तळाला टेकेपर्यंत उभी सोडावी. खडू जिथवर भिजला तिथे पेन्सिलने खूण करावी आणि सकाळी त्याच जागी पुन्हा मोजावे. दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद हौदात पातळी 1 सेंटिमीटर उतरली, तर 30 लिटर पाणी गेले असे समजावे. झाकण घट्ट असेल तर एका रात्रीत बाष्पीभवनाने एवढे पाणी जात नाही. पातळी उतरत असेल, तर पाणी न भरता शक्य तितक्या रात्री मोजत राहावे. ज्या उंचीवर ती थांबते, त्याच्या लगेच वर भिंतीला तडा असण्याची शक्यता मोठी असते. ती थांबतच नसेल, तर दोष तळात किंवा तळ आणि भिंतीच्या सांध्यात शोधावा. आपल्याकडील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे जमिनीतील हौद व पाइपांच्या सांध्यांवर दरवर्षी ताण येतो. पाहणीसाठी हौदात कधीही एकट्याने उतरू नये. बंद हौदात प्राणवायू कमी असू शकतो.

गच्चीवरच्या टाकीसाठी दोन रात्री द्याव्यात. पहिल्या रात्री टाकीतून खाली जाणाऱ्या लाइनचा कॉक बंद ठेवावा, दुसऱ्या रात्री तो उघडा ठेवून घरातील सर्व नळ बंद करावेत. पहिल्याच रात्री पातळी उतरली, तर टाकी किंवा तिचा सांधा गळतो आहे. केवळ दुसऱ्या रात्री उतरली, तर गळती घरातील लाइनवर आहे. अशा वेळी भिंतीवर हात टाकण्याआधी शौचालयाची फ्लश टाकी पाहावी. तिच्यात खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटे फ्लश न करता थांबावे. भांड्यात रंग उतरला, तर आतील रबर वॉशर खराब झाला आहे.

भिंतीतली ओल ओळखण्यासाठी मे महिन्यासारखा काळ नाही. पावसाळ्यात ओल गच्चीतूनही येते. पण चाळीस अंशांच्या कोरड्या हवेत भिंत थंड लागत असेल, रंगाचे पोपडे सुटत असतील किंवा अंगणातील शहाबादी फरशीच्या एकाच फटीत हिरवे गवत टिकून असेल, तर तिथून पाइप जातो का हे पाहावे. केवळ पांढरा लोणा दिसला म्हणून घाई करू नये, कारण क्षार जमिनीतून चढणाऱ्या ओलीनेही येतात. ओल आंघोळीनंतरच वाढत असेल, तर न्हाणीच्या जाळीचे तोंड घट्ट बंद करून दोन बोटे पाणी साठवावे व पातळी पाहावी. पाणी उतरले तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा खालच्या थरात आहे. न उतरता टिकले, तर सांडपाण्याच्या पाइपवर संशय घ्यावा. ओल स्विचबोर्डजवळ असेल, तर मेन स्विच बंद करून आधी वायरमनला बोलवावे.

रस्त्यापासून हौदापर्यंतच्या लाइनकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि तीच आरोग्याला सर्वाधिक घातक आहे. पाणी सुटले की तिच्या छिद्रातून ते बाहेर जाते, आणि पुरवठा थांबून दाब नाहीसा झाला की त्याच छिद्रातून आजूबाजूच्या गटाराचे पाणी आत शिरू शकते. पाळीच्या सुरुवातीला पाणी गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त येत असेल, तर ते हौदात घेऊ नये. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे, महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे तक्रार नोंदवावी आणि शेजाऱ्यांकडेही तसेच पाणी येते का हे विचारावे. त्यांच्याकडे स्वच्छ येत असेल, तर दोष बहुधा आपल्या जोडणीत असतो.

एवढे करूनही जागा सापडली नाही, तर टाइल फोडू देण्याआधी प्लंबरकडून हातपंपाने लाइनची दाब चाचणी करून घ्यावी. गरम आणि थंड पाण्याच्या लाइन वेगवेगळ्या तपासाव्यात, आणि दुरुस्तीनंतर खाच सिमेंटने बुजवण्यापूर्वी तीच चाचणी पुन्हा घ्यावी.