मॉक पोलची मते यंत्रात राहू नयेत म्हणून

मतदान केंद्राध्यक्षाला सर्वांत महाग पडणारी चूक पहाटेच होते: मॉक पोलची (प्रत्यक्ष मतदानाआधीच्या चाचणी मतदानाची) मते कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे मतदान यंत्राच्या मते साठवणाऱ्या भागात, तशीच राहतात. चाचणी मते टाकताना कोणत्या उमेदवाराला किती दिली हे कागदावर लिहीत चला (‘नोटा’, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’, हेही विसरू नका), नाहीतर निकाल जुळवणार कशाशी? मग कंट्रोल युनिटवरची बटणे दाबा: आधी क्लोज, नंतर रिझल्ट, शेवटी क्लिअर. क्रम यंत्रच पाळायला लावते. क्लोजशिवाय रिझल्ट दिसत नाही, निकाल पाहिल्याशिवाय क्लिअर होत नाही. क्लिअरनंतर टोटल दाबून 0 आलेले मतदान प्रतिनिधींना दाखवा, त्यानंतरच मॉक पोलच्या प्रमाणपत्रावर त्यांच्या सह्या घ्या. वेळ वाचवायला सह्या आधी उरकल्या की घोळ इथूनच सुरू होतो. सील करण्यापूर्वी कंट्रोल युनिटचा स्विच बंद करा.

दिवसभर क्लोज बटणावरची टोपी काढू नका. चुकून दाबले गेले तर त्या यंत्रावर पुढचे मत घेता येत नाही, राखीव यंत्र मागवावे लागते.

संध्याकाळी क्लोज दाबूनही काही होत नसेल तर घाबरण्याआधी बिझीचा दिवा (यंत्र मताची वाट पाहत असल्याची खूण) बघा. शेवटच्या मतदाराला मत देता यावे म्हणून कंट्रोल युनिटवरचे बॅलट बटण दाबले आणि तो मत न देताच निघून गेला, तर दिवा लागलेलाच राहतो. कंट्रोल युनिट बंद करा, त्याला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राची) केबल काढा आणि मग पुन्हा चालू करा, दिवा विझला की क्लोज चालेल. त्या मतदाराची नोंद मतदार नोंदवहीच्या शेरा रकान्यात हवीच. यंत्रावरची टोटल आणि नोंदवहीतल्या मतदारांच्या सह्या यांमधला एकाचा फरक तिथेच सुटतो.