जास्त चाललेल्या सेकंडहँड गाडीचं गिअर ऑइल बदलावं का? ठरवायचं कसं?

1,31,000 किलोमीटर चाललेली ऑटोमॅटिक गाडी मी घेतली तेव्हा आधीच्या मालकांनी जाडजूड फाइल हातात ठेवली. इंजिन ऑइलच्या बारा पावत्या, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, सगळं तारीखवार लावलेलं. गिअर ऑइलची मात्र एकही पावती नाही. दोन मेकॅनिकना विचारलं. एक म्हणाला, "लगेच बदलून घ्या." दुसरा म्हणाला, "साहेब, चालतंय तोवर हात लावू नका. नवीन ऑइल टाकलं की जुना गिअरबॉक्स बसतो." दोघंही अनुभवी आणि दोघांनीही तसं घडताना पाहिलेलं. म्हणून बदलायचं की नाही हे किलोमीटरवर ठरवू नका. गिअरबॉक्स आज कोणत्या अवस्थेत आहे ते आधी तपासा.

सुरुवात गिअरबॉक्सच्या प्रकारापासून करा. गाडी मॅन्युअल असेल तर "नवीन ऑइलने गिअरबॉक्स बसतो" ही भीती सोडून द्या. मॅन्युअलची क्लच प्लेट कोरडी असते आणि गिअरबॉक्सच्या बाहेर बसते, ऑइलशी तिचा संबंध येत नाही. आत फक्त दाते, बेअरिंग आणि सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असतात, त्यांना ताजं ऑइल हवंच असतं. एएमटीचंही तेच, कारण तो आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्रणा करते. त्या यंत्रणेचं ऑइल वेगळं असतं, तेही विचारून घ्या. गाडी सुटताना थरथरत असेल तर बहुतेक वेळा क्लच झिजलेला असतो, गिअर ऑइल बदलून ती थरथर जाणार नाही.

खरा प्रश्न टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकचा (टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) आणि सीव्हीटीचा (पट्टा आणि पुलींवर चालणाऱ्या गिअरबॉक्सचा). ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या चकत्या ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. वर्षानुवर्षं त्या झिजतात आणि त्यांची पूड ऑइलमध्ये मिसळते. चकत्या फारच झिजल्या असतील तर पकडीला त्या पुडीचाच थोडाफार आधार उरलेला असू शकतो. जुनं ऑइल काढून स्वच्छ ऑइल भरलं की तो आधार जातो आणि लपलेलं घसरणं उघडं पडतं. लोक म्हणतात नवीन ऑइलने गिअरबॉक्स गेला. तो आधीच गेलेला होता.

आता फाइल बघा. गिअर ऑइल कधी बदललं हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन विचारता येतं. मीटर मागे फिरवला असेल तर तेही तिथल्या जुन्या नोंदींतून उघड होतं. "आमचं ऑइल लाइफटाइम आहे" हे उत्तर पुरेसं समजू नका. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनीसुद्धा आपल्या ऑटोमॅटिकचं ऑइल 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांत बदलायला सांगते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत "सिव्हियर कंडिशन" (कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाड्या) म्हणून वेगळा तक्ता असेल तर तोच आपला. संध्याकाळी हिंजवडीहून परतताना गाडी जशी सरकते, थांबते, पुन्हा सरकते, तशा चालण्यानेच ऑइल सगळ्यात जास्त तापतं.

पुण्यात आणखी एक गोष्ट विचारा: गाडी पाण्यात होती का? 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आणि जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. गिअरबॉक्सला हवा जायला नळी असते, तिथून पाणी आत शिरतं. ऑइल दुधाळ झालं असेल तर ते लगेच काढायचं, पण ऑटोमॅटिक असेल तर अशी गाडी विकत न घेतलेलीच बरी. पाण्याने चकत्यांवरचं अस्तर सुटायला लागतं.

यानंतर गाडी चालवून बघा, सकाळी इंजिन थंड असताना एकदा आणि तासभर चालल्यावर पुन्हा. ब्रेक दाबून ठेवा, न्यूट्रलमधून डी टाका, मग आर. गिअर लागायला दोन सेकंदांहून जास्त लागत असतील किंवा धाडकन झटका बसत असेल तर लिहून ठेवा. मग चढावर न्या. मी गाडी कोंढव्याहून बोपदेव घाटात नेली होती. चालवताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं, आरपीएमचा काटा चढतो, पण गाडी तेवढी पुढे जात नाही, हे घसरणं. सपाटीवर चाळीस ते सत्तरच्या वेगात, पाय हलका ठेवला असताना, बारीक पट्ट्यांच्या स्पीडब्रेकरवरून गेल्यासारखी थरथर, हे बऱ्याचदा ऑइल थकल्याचं लक्षण असतं आणि ऑइल बदलून जाऊही शकतं. तिसरी गोष्ट आवाज. वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगची असू शकते, तिला ऑइल हे औषध नाही. मॅन्युअलमध्ये थंड असताना दुसरा गिअर खरखरत असेल तर नवीन ऑइलने फरक पडू शकतो. गिअर आपोआप निसटत असेल तर फरक पडणार नाही.

मग ऑइल बघा. डिपस्टिक (ऑइल तपासायची पट्टी) असेल तर काम सोपं, नसेल तर गॅरेजमध्ये थोडं काढून घ्यावं लागेल. एक थेंब टिश्यू पेपरवर टाका. नेहमीचं ऑटोमॅटिक ऑइल नवीन असताना कोकम सरबतासारखं लाल असतं (सीव्हीटीचं काही वेळा हिरवं किंवा निळं). माझं निघालं ते काकवीच्या रंगाचं होतं, पण वास करपलेला नव्हता आणि डागात काळी कणी नव्हती. नुसत्या रंगाला घाबरू नका, ऑइल तपकिरी पडतंच. करपल्याचा वास आणि काळे कण एकत्र आले तर मात्र चकत्या जळल्यात असं समजा.

आता ठरवा. गाडी नीट चालतेय, वास नाही, फक्त नोंद नाही, तर बदला. हे मी ठामपणे सांगतो. गाडी आत्ताच घसरतेय आणि ऑइलला करपल्याचा वास आहे, तर ऑइल बदलण्यावर पैसे घालवू नका. स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचून घ्या, गिअरबॉक्स उघडणाऱ्या कारागिराचं मत घ्या, आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून पाहा. मधली अवस्था असेल, म्हणजे थोडे झटके, थोडी थरथर, तर आधी लेव्हल तपासा. ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या) सीलमधून गळून ऑइल कमी झालं तरी हीच लक्षणं दिसतात. लेव्हल बरोबर असेल तर ऑइल बदला, पण फायदा होईलच असं धरून चालू नका.

बदलायचं ठरलं तर मशीनने फ्लश करू नका, म्हणजे दाबाने ऑइल ढकलून सगळं एकदम बदलू नका. जास्त चाललेल्या गिअरबॉक्समधला गाळ दाबाने सुटतो आणि बारीक वाटांत अडकू शकतो. नुसता बोल्ट उघडून ऑइल काढायचं आणि तेवढंच भरायचं. एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मंच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून हजारेक किलोमीटरच्या अंतराने दोन-तीनदा करायचं.

गॅरेजमध्ये तुम्ही समोर उभे राहा. आधी भरायचा बोल्ट उघडायला लावा, मग काढायचा. भरायचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला आणि ऑइल आधीच काढून टाकलं असेल, तर गाडी तिथेच अडकून पडते. निघालेलं ऑइल मापात मोजून घ्या. माझं 3.1 लिटर निघालं, तेवढंच भरलं. गिअरबॉक्सच्या तळाचं चेंबर (ऑइलचं भांडं) खाली उतरवलं तर त्यातला लोखंडाचा चुरा धरून ठेवणारा मॅग्नेट बघा. माझ्या मॅग्नेटवर करड्या रंगाचा लेप होता. बोटांत चोळला तर टूथपेस्टसारखा मऊ, कण कुठेच टोचला नाही. असा लेप चालतो. चकचकीत पत्र्या किंवा पितळी तुकडे दिसले तर तिथेच थांबा आणि नवीन ऑइल भरण्याआधी पुढचं बोला.

ऑइल माहितीपुस्तिकेत लिहिलंय तेच घ्या. पुण्याच्या नाना पेठेत सगळं मिळतं, पण "हेच चालतं सगळ्यांना" म्हणून दिलेला डबा सीव्हीटीत ओतू नका. चुकीच्या ऑइलवर त्याचा पट्टा पुलीवर घसरतो. मॅन्युअल गिअरबॉक्सला जीएल-4 दर्जाचं ऑइल सांगितलं असेल तर जीएल-5 नको, त्यातली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो खाऊ शकतात. बोल्टचं वायसर नवीन, फिल्टर बदलता येत असेल तर तोही. शेवटी लेव्हल कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच तपासून घ्या, थंड गाडीवर अंदाजाने नाही. जुनं ऑइल गटारात जाऊ देऊ नका, गॅरेजमध्ये त्याचं पिंप असतं, त्यातच जाऊ द्या.

नंतरचा आठवडाभर पार्किंगच्या फरशीवर पुठ्ठा टाकून ठेवा, थेंब दिसला तर परत जा. आणि तारीख, किलोमीटर, ऑइलचं नाव, किती काढलं, किती भरलं हे पावतीच्या मागे लिहून फाइलला लावा. माझ्या फाइलमध्ये इंजिन ऑइलच्या बारा पावत्यांमागे आता गिअर ऑइलच्या तीन लागल्या आहेत. तिसऱ्या वेळी निघालेलं ऑइल जवळजवळ लाल होतं.