पेडल दाबून कोणी देब्युसी होत नाही: जॅझमध्ये इम्प्रेशनिस्ट रंग भरताना या चुका टाळा

काही जण जॅझ वाजवता वाजवता देब्युसी-रावेल या फ्रेंच संगीतकारांच्या प्रेमात पडतात, काही जण उलट दिशेने येतात. चुका मात्र दोघांच्याही त्याच. पहिली म्हणजे 'धूसर' वाजवायचं म्हणून उजवा पाय पियानोच्या (तारा घुमत्या ठेवणाऱ्या) पेडलवर ठेवायचा आणि चार-चार बार, म्हणजे ठेक्याची आवर्तनं, उचलायचाच नाही. देब्युसीला स्वतःला 'इम्प्रेशनिस्ट' (ठळक रेषांऐवजी धूसर छटा रंगवणारा) हे लेबल आवडत नसे. असं वादन ऐकलं की त्याचा राग पटतो.

पियानोच्या खालच्या जाड तारा बराच वेळ घुमतात, वरच्या लवकर विरतात. पाय दाबूनच ठेवला तर आधीच्या कॉर्डचा (एकत्र वाजवलेल्या सुरांचा) बेस, म्हणजे खालचा सूर, पुढच्या कॉर्डच्या बोकांडी बसतो. सोबत बेस वादक असेल तर त्याचं वाजवणं आणि तुमचं घुमणं यांची मारामारी सुरू होते. माझी सवय अशी की संपूर्ण सोलो आधी पेडलशिवाय वाजवायचा आणि सूर बोटांनीच धरून ठेवायचे. हात पुरत नाही तिथेच पाय, आणि तोही कॉर्ड वाजल्यानंतर बदलायचा. मग अर्धं पेडल: डँपर (तारांना गप्प करणारे तुकडे) तारांना जेमतेम टेकले की वरचे सूर साफ होतात आणि खालचा बेस थोडा उरतो. स्वस्त कीबोर्डसोबत येणारं पेडल बहुतेक वेळा नुसतं चालू-बंद बटण असतं, त्यावर हे कितीही घासलंत तरी जमणार नाही. पेडलशिवाय ऐकवत नसेल तर कमतरता सोलोत आहे. हे सांगितलं की बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो.

दुसरी चूक माझी विशेष नावडती: समांतर कॉर्ड. एकच आकार हातात धरून वर-खाली सरकवायचा, ही देब्युसीची आवडती युक्ती. शिकायला एक दुपार लागते, म्हणून सगळे इथूनच सुरुवात करतात. एका तालमीत असाच एक पियानोवादक होता. गाणं साधं बत्तीस बारांचं, ए-ए-बी-ए: एकच चाल दोनदा, मग मधला वेगळा भाग म्हणजे ब्रिज, मग पुन्हा पहिली चाल. दुसऱ्या 'ए'मध्ये गड्याने नाइन्थ कॉर्ड धरली आणि अर्ध्या-अर्ध्या सुराने वर चढायला लागला. एकेक कॉर्ड सुटी ऐकली तर सुंदर. पण मूळ कॉर्डची खूण कुठेच नाही. बेस वादकाला वाटलं ब्रिज आला, ड्रमर अजून मागेच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी बेस वादक वाजवायचा थांबला आणि वाद्य धरून नुसता उभा राहिला. पियानोवाले साहेब डोळे मिटून चढतच होते. नंतर त्यांची तक्रार काय, तर 'हे दोघं ऐकत नाहीत'!

उपाय देब्युसीकडेच आहे. त्याचं 'व्वाल' (Voiles) हे 1909 चं प्रिल्यूड, म्हणजे छोटी पियानो रचना, उघडून बघा. वर होल टोन स्केल (सगळे सूर एकमेकांपासून पूर्ण सुराच्या अंतरावर) तरंगत असते, पण खाली बी फ्लॅट जवळजवळ सगळ्या रचनेत ठाण मांडून बसलेला आहे. मीही तेच करायला लावतो: डावा हात जी वर रोवायचा, उजव्याने कॉर्ड सरकवायच्या, जास्तीत जास्त दोन बार, आणि सी वर उतरायचं. सरकवायला सुरुवात करण्याआधी उतरायची कॉर्ड ठरलेली हवी. सम चुकली तर रंग कितीही सुरेख असो, जॅझमध्ये माफी नाही.

त्याच प्रिल्यूडमध्ये दुसराही धडा आहे. मधले सहा बार तो होल टोन सोडून काळ्या पट्ट्यांच्या पेंटॅटॉनिकवर (पाच सुरांच्या स्केलवर) जातो आणि खिडकी उघडल्यासारखं वाटतं. होल टोनमध्ये सूर सहाच, स्केल सगळ्या मिळून दोनच, कुठेही अर्धा सूर नाही, त्यामुळे ती कुठे नेतच नाही. जी सेव्हन कॉर्डवर बारभर वापरा. मग बी ला सी वर आणि डी शार्पला ई वर जाऊ द्या. सबंध कोरस (गाण्याचा एक पूर्ण फेरा) त्यातच घोळवलात तर ऐकणाऱ्याला जुन्या सिनेमातला स्वप्नाचा प्रसंग आठवेल.

डाव्या हातात खाली तिसऱ्या अंतराचे सूर दाबू नका, गढूळ वाजतात. तिथे पाचव्या किंवा दहाव्या अंतराचा सूर द्या. बेस वादक असेल तर मूळ सूर त्याच्यावर सोडा, जॅझ पियानोवादक बिल इव्हान्स सोडत असे तसा. डी मायनर नाइन कॉर्डला मधल्या सी च्या आसपास एफ-ए-सी-ई धरा. जी थर्टीनसाठी फक्त सी चा बी करा. बोट एकच हलतं, पण कॉर्ड बदललेली स्पष्ट कळते. घाईत असलेल्यांना हे फारच कमी वाटतं आणि ते लगेच दहा बोटांची कॉर्ड मागतात.

हळू वाजवणं म्हणजे ढिलं वाजवणं, हाही एक गैरसमज. जॅझ वादक बिक्स बायडरबेकने 1927 मध्येच 'इन अ मिस्ट' ही पियानो रचना रेकॉर्ड केली. त्यात होल टोनचे रंग आहेत, पण ठेका कुठे लोंबकळत नाही. मेट्रोनोम बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर लावा आणि तुमची सगळ्यात धूसर सुरावट त्यावर वाजवून बघा.

आणि रेकॉर्डिंगवर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) चढवून ऐकणं बंद करा. आधी कोरडं ऐका.