फेब्रुवारीनं अडवलेली वंशावळ

माझ्या नवऱ्याचं माहेर (हो, तसंच म्हणते मी) इंग्लंडातल्या सफोकमधलं. पूर्वज योमन, म्हणजे स्वतःची जमीन कसणारे. जमीनदारांपेक्षा खालचे, पण मजुरांपेक्षा वरचे. त्यांची वंशावळ शोधायला घेतली. सरकारी जन्मनोंदी १८३७ पासूनच्या, तिथवर सरळ गेले. त्यामागे चर्चच्या नोंदवह्या. १६९८ ला गाडी अडली ती महिनाभर.

लग्न मे १६९८ चं आणि थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६९८ चा! लग्नाआधी तीन महिने मूल? मी ते जोडपं बाद करून भलत्याच गावातल्या, त्याच नावाच्या माणसाच्या मागे लागले.

मग एकदा मूळ पानाचा फोटो निवांत वाचला. ओळीने डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी आणि त्यानंतर मार्चच्या अखेरीस १६९९ चा मथळा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. १७५२ च्या आधी इंग्लंडात नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे हा फेब्रुवारी आपल्या हिशेबानं १६९९ चा. लग्नानंतर बरोबर नऊ महिने! गुढीपाडव्याला वर्ष बदलणाऱ्या घरात वाढलेल्या मला हे सुचू नये?

तरी खात्रीसाठी त्या मुलाच्या आजोबांचं मृत्युपत्र शोधलं. १८५८ पर्यंत ती चर्चच्या न्यायालयांत असत. हे सफोकमधल्याच इप्सविच शहराच्या दप्तरात सापडलं. त्यात नातवाला 'एक गाय आणि पितळेचं मोठं पातेलं'. नाव तेच, गाव तेच. सासूबाई मात्र अजून विचारतात, "गायीचं पुढे काय झालं?"