ओआही जलाशयावर भर उन्हाळ्यात वॉलआय आणि बास गळाला कसे लावावेत

साउथ डाकोटा राज्याच्या राजधानीचे नाव कागदावर फ्रेंच दिसते, पण स्थानिक माणसे तिला सरळ ‘पिअर’ म्हणतात. या पिअरच्या उत्तरेला सुमारे दहा किलोमीटरवर मिसूरी नदीवर ओआही हे मातीचे धरण आहे. १७ ऑगस्ट १९६२ रोजी अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. धरणाचा फुगवटा नॉर्थ डाकोटातील बिस्मार्कच्या परिसरापर्यंत २३१ मैल, म्हणजे साधारण ३७० किलोमीटर पसरला आहे, म्हणजेच मुंबईहून कोल्हापूर गाठावे एवढे पाणी एका सलग पट्ट्यात साठलेले आहे. या पाण्याखाली स्टँडिंग रॉक आणि शायेन रिव्हर या आदिवासी राखीव प्रदेशांतील सुपीक नदीकाठची जमीन आणि माणसांची घरे गेली. तेथे गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला याची जाणीव असली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात राहणारे, आजवर लहान तळ्यांवर गळ टाकलेले आणि आता अशा प्रचंड जलाशयावर पहिल्यांदाच जाऊ पाहणारे जे मराठी वाचक आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. लहान तळ्यात मासे कुठे आहेत, हे तासाभरात कळते. ओआहीवर मात्र जुलै महिन्यात मासा शोधत फिरणाऱ्याचे दोन-दोन दिवस हात हलवत परत येण्यात जातात. उन्हाळ्यात शोधायचे असते ते माशाचे खाद्य, आणि ते खाद्य ज्या थंड पाण्यात राहते ते पाणी.

तारीख पाहून जागा ठरवावी

वॉलआय हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. ओआहीतील वॉलआय प्रामुख्याने ज्यावर पोसला जातो तो रेनबो स्मेल्ट हा सडपातळ, रुपेरी, दिसायला आपल्या मुडदुशीची आठवण करून देणारा छोटा मासा आहे. त्याला थंड पाणीच मानवते. जूनमध्ये जलाशयाच्या वरच्या भागात, म्हणजे मोब्रिजच्या आसपास आणि गेटिसबर्गजवळच्या व्हिटलॉक उपसागरात, पाणी अजून सुखावह असते आणि मासे उथळ भागात मिळतात. जुलै सरत जातो तसे वरचे उथळ पाणी तापते, स्मेल्ट खालच्या खोल पाण्यात जमतात आणि त्यांच्या मागोमाग मोठे वॉलआयही धरणाच्या दिशेने सरकतात. म्हणून जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत मुक्काम दक्षिणेकडे ठेवावा. काउ क्रीक, स्प्रिंग क्रीक आणि लिटल बेंड हा पट्टा नवख्या माणसाला पुरून उरेल एवढा मोठा आहे.

पहिल्या वर्षी मी नेमकी उलटी चूक केली होती. जूनमध्ये एका ओळखीच्या माणसाला व्हिटलॉकला बारा फुटांवर भरपूर मासे मिळाले होते, तेवढ्या माहितीवर मी जुलैच्या अखेरीस त्याच जागी, त्याच खोलीवर दीड दिवस बसून राहिलो. जागा चुकीची नव्हती, पण तिचा महिना उलटून गेला होता.

स्मेल्ट आणि वॉलआय यांचे नाते किती घट्ट आहे, हे २०११ साली दिसले. मिसूरीला आलेल्या मोठ्या पुरामुळे धरणातून प्रचंड विसर्ग करावा लागला. त्या विसर्गाबरोबर स्मेल्टही मोठ्या संख्येने धरणापलीकडे वाहून गेले आणि त्यानंतर ओआहीतील वॉलआय अंगाने खंगत गेले.

परवाना आणि होडी

परवाना राज्याच्या गेम, फिश अँड पार्क्स विभागाकडून ऑनलाइन काढता येतो. बाहेरच्या राज्यांतील लोकांना थोड्या दिवसांचा परवानाही मिळतो. दिवसाला किती आणि किती लांबीचे मासे ठेवता येतात, याचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका निघण्यापूर्वी वाचावी. आपण राज्याच्या हद्दीत आहोत की राखीव प्रदेशाच्या, हेही आधीच पाहून ठेवावे.

होडी भाड्याने घेताना सोनार, म्हणजे फिशफाइंडर, चालू आहे की नाही हे किनाऱ्यावरच तपासावे. गवताळ मैदानावरून येणाऱ्या वाऱ्याला या जलाशयावर अडवणारे काहीच नाही आणि दूरवरून वाढत आलेली लाट लहान होडीला सहज भारी पडते. पहाटे निघावे, जीवरक्षक जाकीट अंगातच ठेवावे आणि दुपारी पश्चिमेला ढग चढू लागले की मासे लागत असले तरी किनारा गाठावा. खाड्यांमध्ये बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत, तेथे इंजिन हळू चालवावे.

खोली कशी ओळखावी

कडक उन्हाच्या दिवसांत खोल भागातील पाण्याचे थर पडतात. वर कोमट पाणी, खाली थंड पाणी आणि मधोमध तापमान झपाट्याने उतरणारा पातळ थर, ज्याला थर्मोक्लाइन म्हणतात. सोनारची संवेदनशीलता थोडी वाढवली की हा थर पडद्यावर धुरकट आडव्या पट्ट्यासारखा दिसतो. या पट्ट्याच्या आसपास खाद्यमाशांचे पुंजके दिसतात का, हे आधी पाहावे. मग जिथे एखाद्या भूशिराचा उतार किंवा पाण्यातील उंचवटा नेमका त्याच खोलीवर येतो, तिथे गळ टाकावा. पुंजके नुसत्या मोकळ्या पाण्यात असतील, तर नवख्याने त्यांच्या मागे लागू नये. जुलै-ऑगस्टमध्ये ही खोली बहुतेक वेळा २५ ते ४० फुटांच्या दरम्यान असते.

तळ चाचपत जाणारी मांडणी

शिकायला एकच पद्धत घ्यायची असेल तर मी ‘बॉटम बाउन्सर’ची शिफारस करीन. इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली पोलादी तार, तिच्या उभ्या भागावर शिशाचा गोळा आणि आडव्या भागाच्या टोकाला चार ते सहा फूट तंगूस, म्हणजे गळाची बारीक नायलॉनची दोरी, अशी ही मांडणी असते. त्या तंगुसावर रंगीत मणी, गिरकी घेणारे पत्र्याचे पान आणि एकामागोमाग दोन गळ असतात. साधारण दर दहा फूट खोलीला एक औंस शिसे हे प्रमाण धरावे, म्हणजे तीस फुटांवर तीन औंस.

आमिष म्हणून जाडजूड गांडूळ लावतात. पुढचा गळ त्याच्या तोंडातून आणि मागचा अंगाच्या मध्यातून काढावा, पण दोन गळांमधले गांडूळ सरळ राहिले पाहिजे. ते गोळा होऊन बसले की पाण्यात भोवऱ्यासारखे फिरते, तंगूस पिळला जातो आणि मासा जवळ येऊनही तोंड लावत नाही. आमिष पाण्यात सोडल्यावर होडीलगत क्षणभर धरून पाहण्याची सवय लावून घ्यावी. पान नीट गिरक्या घेत आहे आणि मागे गांडूळ सरळ पोहत आहे, एवढे दिसले की मगच खोल सोडावे.

होडी ताशी सुमारे एक मैल वेगाने चालवावी. माणूस रमतगमत चालतो त्याहूनही हा वेग कमी आहे. शिसे तळाला टेकल्याचे हाताला कळले की सुटणारी दोरी थांबवावी. दोरी पाण्यात साधारण ४५ अंशांनी तिरकी गेली पाहिजे. ती फार मागे गेली तर तार आडवी पडून घासत येते आणि दगडात अडकते. तार नीट चालत असेल तर रॉडमधून टिक, टिक, टिक असा ठेका हातात येत राहतो. खडकावर तो खणखणीत असतो, चिखलावर दबका होतो, आणि थोड्या सरावाने डोळे मिटूनही तळ कसा आहे हे सांगता येते.

हा ठेका अचानक थांबला आणि ओल्या फडक्याचे ओझे लागल्यासारखे वाटले, तर तो बहुधा वॉलआय असतो. अशा वेळी झटका देऊ नये. रॉडचे टोक सावकाश मागे, माशाकडे जाऊ द्यावे, मनात तीन आकडे मोजावेत आणि मग लांब, सलग ओढीने पुढे आणावे. घाईचा झटका दिला तर गांडुळाचा अर्धा तुकडा तेवढा परत येतो. मला वाटते, या मासेमारीतला सगळ्यात अवघड भाग हे तीन आकडे हाच आहे.

वाऱ्याने गढूळ केलेला काठ

खोल पाण्याच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो ओआहीच्या मातीतूनच येतो. इथले काठ पिअर शेल नावाच्या ठिसूळ, चिकणमातीसारख्या खडकाचे आहेत. एकाच दिशेने काही तास वारा वाहिला की लाटांनी काठ विरघळतो आणि पाण्यात सरळ रेघ उमटते, जिच्या एका अंगाला दुधाच्या चहासारखे पाणी असते आणि दुसऱ्या अंगाला हिरवट, स्वच्छ. वॉलआयच्या डोळ्यात प्रकाश परावर्तित करणारा पडदा असतो, त्यामुळे अंधूक उजेडात त्याला आपल्या भक्ष्यापेक्षा चांगले दिसते. म्हणून गढूळ पाण्याच्या आडोशाने तो भर दुपारीही सहा-दहा फुटांपर्यंत वर येतो. लाट झेपण्याइतकी असेल, तर त्या रेघेला समांतर होडी चालवत हलके शिसे किंवा माशाच्या आकाराचे लाकडी अथवा प्लॅस्टिकचे आमिष ओढावे.

बाससाठी दगड शोधावेत

ओआहीतला बास म्हणजे स्मॉलमाउथ बास. तो वॉलआयइतका खोल जात नाही. दगडी भूशिरे, धरणाजवळचे दगडी अस्तर आणि खाड्यांतील बुडालेली झाडे यांच्याभोवती पाच ते वीस फुटांत तो सापडतो, कारण क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी शेवंड, हे त्याचे आवडते खाद्य तिथेच लपलेले असते. सहा ते आठ पौंड ताकदीचा तंगूस, जिग, म्हणजे डोक्याला हलके शिसे ओतलेला गळ, आणि त्यावर तपकिरी किंवा हिरवट रंगाचे मऊ प्लॅस्टिक एवढे पुरते. तळाला टेकवावे, वीतभर ओढावे आणि थांबावे. बहुतेक बास या थांबण्यातच तोंड लावतात. पहाटे पाणी आरशासारखे स्थिर असेल तर पृष्ठभागावर फुरफुरत येणारे आमिष टाकावे. गळाला लागलेला बास पाण्याबाहेर उसळी घेतो, तेव्हा रॉडचे टोक खाली ठेवावे, नाहीतर तो डोके झटकून गळ फेकून देतो.

बासचा खालचा जबडा अंगठ्यात धरून त्याला उचलता येते. हीच सवय वॉलआयवर वापरू नये, कारण त्याला खरे, टोकदार दात आहेत आणि कल्ल्यांच्या झाकणाची धारही हात कापते. त्याला जाळीत घेऊन पक्कडीने गळ काढावा.

खोलातला मासा परत सोडू नये

वॉलआयच्या पोटातील हवेची पिशवी बंद असते. तीस फुटांहून अधिक खोलीवरून त्याला वर आणले की दाब कमी होऊन ती फुगते. सोडल्यावर तो कधी पोहून जातो, पण पुढे मरण्याची शक्यता मोठी असते. म्हणून अशा खोलीत लागलेला, नियमात बसणारा मासा लहान वाटला तरी ठेवावा आणि ठरलेली संख्या पूर्ण झाली की त्या दिवशी खोल पाण्यात गळ टाकणे थांबवावे. पुढचा वेळ उथळातल्या बाससाठी द्यावा, तो सुखरूप परत सोडता येतो.

ठेवलेला मासा होडीतल्या तापलेल्या टाकीत जिवंत ठेवण्याच्या नादी न लागता लगेच बर्फात घालावा. वॉलआयचे मांस पांढरे आणि सौम्य चवीचे असते आणि काप नीट काढले की काटा लागत नाही. हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचे आगळ लावून रव्यात घोळवलेले त्याचे काप तव्यावर दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटांत होतात.

होडी पाण्याबाहेर काढल्यावर तळाचे बूच काढावे, सगळे पाणी रॅम्पवरच निथळू द्यावे आणि ट्रेलरला चिकटलेले शेवाळ हाताने काढावे. झेब्रा शिंपल्यांची न दिसणारी पिल्ले याच उरलेल्या पाण्यातून एका जलाशयातून दुसऱ्यात जातात. रस्त्यावर होडी नेताना बूच काढलेलेच असावे, असा साउथ डाकोटाचा नियम आहे.